घरात सगळे पॉझिटिव्ह आणि बाळाच्या छातीत एकाच बाजूला घरघर: कोरोना समजायचं की दाणा अडकलाय?

तालुका_ओपीडी (प्रश्न)

कोरोनाच्या या दुसऱ्या लाटेत (एप्रिल-मे २०२१) अख्खी घरंच्या घरं पॉझिटिव्ह येत आहेत आणि त्याच घरातलं दीड-दोन वर्षांचं मूल खोकत समोर येतं. एक नमुना मांडते, त्यावरून बोलू.

वय १ वर्ष १० महिने, वजन साडेदहा किलो. आई-वडील पाच दिवसांपासून घरीच विलगीकरणात. मुलाला चार दिवस खोकला, दुसऱ्या दिवसापासून ताप १००.४ पर्यंत. श्वास मिनिटाला ४६, ऑक्सिजन ९५. उजवीकडे हवा कमी जातेय असं वाटतं, थोडी शिट्टीसारखी घरघरही आहे. डावीकडे साफ. छातीचा एक्स-रे "ठीक आहे" असा आला, पण नीट पाहिलं तर उजवं फुप्फुस डाव्यापेक्षा जरा जास्त काळं दिसतं. रॅपिड अँटिजेन पॉझिटिव्ह.

साहजिकच घरच्यांना आणि स्टाफलाही हा कोरोनाच वाटतो. माझे प्रश्न तीन. अँटिजेन पॉझिटिव्ह असताना श्वासनळीतल्या वस्तूची शंका कितपत धरायची? सीटी करायचं का? आणि पुढच्या केंद्राला पाठवताना आरटी-पीसीआरच्या अहवालासाठी थांबायचं का? आमच्याकडे तो दोन-तीन दिवसांनी मिळतोय.

बालरोग_वॉर्ड

डॉक्टर, तुमच्या मांडणीतच उत्तर दडलंय. फुप्फुस काळं दिसतंय. कोरोनाचा असो की दुसरा कुठला, न्यूमोनियात फुप्फुस पांढरं होतं. आवाज कमी आणि फोटो काळा, तोही एकाच बाजूला, याचा अर्थ हवा आत जातेय पण बाहेर पडत नाहीये. श्वास घेताना श्वासनळी किंचित रुंदावते, दाण्याच्या कडेनं हवा आत शिरते. सोडताना नळी आवळते आणि तोच दाणा बुचासारखा बसतो. दर श्वासाला थोडी हवा मागे राहते. त्या बाजूला बोटानं ठोकून पाहा, डाव्या बाजूपेक्षा पोकळ आवाज येईल.

अँटिजेन पॉझिटिव्ह म्हणजे नाकात विषाणू आहे, एवढंच. उजव्या श्वासनळीत काय आहे याबद्दल ती पट्टी एक अक्षर बोलत नाही. पॉझिटिव्ह घरातलं मूल पॉझिटिव्ह असणारच, आणि पॉझिटिव्ह मुलाच्या श्वासनळीतही शेंगदाणा जाऊ शकतो. लहान मुलांमध्ये कोरोना बहुतेक वेळा सौम्य असतो आणि फुप्फुसात उतरलाच तर शक्यतो दोन्हीकडे उतरतो. त्यामुळे एकाच बाजूची ठाम खूण दिसली की पॉझिटिव्ह अहवाल बाजूला ठेवून दुसरं कारण शोधायचंच.

एक पडताळा लगेच करता येतो. विषाणूच्या आजारात बेडक्यानं नळी तात्पुरती तुंबते, पण मूल जोरात खोकलं, रडलं, कूस बदलली की घरघरीची जागा बदलते. तासा-दोन तासांच्या अंतरानं तीनदा ऐका आणि तिन्ही वेळा कागदावर छातीचं चित्र काढून खूण करा. खूण त्याच जागी राहिली तर बेडका समजू नका. रडणाऱ्या मुलाची छाती ऐकताना हुंदक्यानंतरच्या मोठ्या श्वासाची वाट पाहा. त्या एका श्वासात दोन्ही बाजूंतला फरक जेवढा कळतो तेवढा शांत मुलातही कळत नाही. पीपीई किटमध्ये कानात नळ्या घालणं अवघड असतं म्हणून छाती ऐकणंच सुटतं, आणि नेमकं तेच या मुलांना महागात पडतं. टोपी चढवण्याआधी स्टेथोस्कोपच्या नळ्या कानात बसवून घ्या, किंवा ब्लूटूथचा स्टेथोस्कोप मिळत असेल तर तो वापरा.

ऑक्सिजन ९५ किंवा ९८ असला तरी वस्तू नाही असं ठरत नाही. दुसरं फुप्फुस सगळं सांभाळून घेतं. शिवाय मोठ्यांच्या बोटाचा चिमटा या वयाच्या बोटावर नीट बसत नाही. लहान मुलांचा प्रोब नसेल तर पायाच्या अंगठ्याला लावा आणि नाडीचा आकडा हाताने मोजलेल्या नाडीशी जुळल्यावरच वाचन धरा. श्वास पूर्ण ६० सेकंद मोजा. १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद.

काय करू नका तेही सांगतो. "बघू दोन दिवस" म्हणून अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड सुरू करू नका. स्टेरॉइडनं दाण्याभोवतीची सूज उतरते, ताप जातो, मूल खेळायला लागतं, घरचे खूश होतात. औषध थांबलं की आठवड्या-पंधरवड्यात त्याच बाजूला न्यूमोनिया परततो. छातीवर थापट्या मारून कफ काढायचा व्यायामही नको. सुटलेली वस्तू स्वरयंत्राखाली येऊन अडकली तर मूल डोळ्यांदेखत निळं पडतं. साल्ब्युटामॉल (श्वासनळ्या रुंदावणारं औषध) द्यायचंच तर या दिवसांत नेब्युलायझरऐवजी पंपाला स्पेसर म्हणजे मास्क लावलेली पोकळ नळी जोडून द्या, तुषार कमी उडतात. त्यानं घरघर थोडी कमी झाली म्हणून शंका सोडू नका.

तालुका_ओपीडी

पटलं. पण अडचण इतिहासाची आहे. "ठसका लागला होता का?" असं विचारलं की आई ठामपणे नाही म्हणते.

बालरोग_वॉर्ड

आई खरंच सांगतेय, पण ती पाहायला होती कुठे? पाच दिवस ती बंद खोलीत आहे. कोरोनानं या निदानातला साक्षीदारच बदलून टाकला. एरवी ठसका लागला की आई-आजी समोर असतात. आता मूल शेजारच्या मावशीकडे, आजोबांकडे किंवा पाच-सहा वर्षांच्या बहिणीजवळ असतं. त्या घडीला जो मुलाजवळ होता त्याला विचारा. फोनवर का होईना, पण त्यालाच.

आणि "ठसका" हा एकच शब्द वापरू नका. लोक ठसका म्हणजे पाणी लागणं समजतात. असं विचारा: खाता खाता किंवा खेळताना एकाएकी जोरात खोकला आला का? घुसमटल्यासारखं झालं का? तोंड लाल-निळं झालं, डोळ्यांतून पाणी आलं, ओकारी आली का? खोकला नेमका कोणत्या वेळी सुरू झाला? विषाणूचा खोकला सुरू झाल्याची घडी कुणाला सांगता येत नाही. "परवापासून जरा जरा" असं उत्तर येतं. वस्तूच्या खोकल्याला घडी असते: "दुपारी, टीव्ही चालू होता तेव्हा". तुमच्या नमुन्यात खोकला आधी आणि ताप दुसऱ्या दिवसापासून, हा क्रमही टिपून ठेवण्याजोगा आहे.

मग खाण्याचं विचारा, नावं घेऊन. शेंगदाणे, फुटाणे, चिवडा, मक्याचा दाणा, चिंचोका, सीताफळाची बी, खोबऱ्याचा तुकडा, सुपारी. खेळण्यातली शिट्टी, पेनचं टोपण, रिमोटचा गोल सेल. मोठ्या भावंडाला विचारताना आवाजात रागाचा लवलेश नको. "बाळाला तू काय काय भरवलंस? छान भरवलंस. मग बाळ खोकलं का?" असं विचारलं तर मूल सांगतं. "तू काय दिलंस त्याला?" म्हटलं की गप्प होतं, आणि तुमचं निदान तिथेच संपतं.

पहिला खोकला दहा-पंधरा मिनिटांत शमतो आणि मग तासन्‌तास, कधी कधी अनेक दिवस काहीच नसतं. श्वासनळीच्या अस्तराला वस्तूची सवय होते. याच शांत काळात घरचे ती गोष्ट विसरतात. पुढे ताप आला की तो कोरोनाच्या खात्यात जमा होतो.

क्षकिरण_कक्ष

एक्स-रेबद्दल थोडं. शेंगदाणा, बी, प्लॅस्टिक, यातलं काहीच फोटोत दिसत नाही. दिसतात ते त्यांचे परिणाम, आणि सुरुवातीला तेही नसू शकतात. "एक्स-रे नॉर्मल" यावरून वस्तू नाही असं म्हणता येत नाही.

डॉक्टरांनी वर्णन केलेला फोटो बहुधा श्वास आत घेतलेला असणार. पण अडकलेली हवा श्वास सोडताना उघडी पडते. दोन वर्षांच्या मुलाला "श्वास सोड" म्हणून उपयोग नाही. मूल लांब रडत असतं तेव्हा श्वास सोडतच असतं. रडण्याच्या शेवटाला बटण दाबा. दोन्ही फोटो शेजारी लावले की कळतं: डावं फुप्फुस आक्रसून पांढुरकं झालेलं, उजवं जसंच्या तसं काळं आणि फुगलेलं, हृदयाची सावली डावीकडे सरकलेली. हृदय निरोगी बाजूकडे ढकललं जातं. उलट नळी पूर्ण बंद होऊन फुप्फुस मिटलं असेल तर हृदय आजारी बाजूकडे ओढलं जातं.

ते जमलं नाही तर मुलाला आधी एका कुशीवर आणि मग दुसऱ्या कुशीवर निजवून फोटो घ्या. खालच्या बाजूचं फुप्फुस वजनानं दबून लहान आणि पांढुरकं व्हायलाच हवं. उजव्या कुशीवर निजवूनही उजवं काळंच राहिलं तर आत हवा कोंडलीय. काळी बाजू पाहताना रक्तवाहिन्यांच्या रेषा कडेपर्यंत पोचतात का तेही बघा. पोचत नसतील तर फुप्फुसाबाहेर हवा साठलीय, तो वेगळाच आणि तातडीचा प्रश्न.

आता सीटी. या लाटेत सगळीकडे एचआरसीटी (फुप्फुसाचा बारीक कापांचा सीटी) आणि कोरोनानं फुप्फुस किती व्यापलं याचा २५ पैकी स्कोअर चाललंय. या मुलाला तो स्कोअर निरुपयोगी आहे. अंतर सोडून काप घेण्याच्या जुन्या पद्धतीत दोन कापांच्या मधला दाणा सुटून जातो. फॉर्मवर "एचआरसीटी चेस्ट, कोविड" असं लिहू नका. "श्वासनळीत परकीय वस्तूची शंका, उजवी बाजू, सलग पातळ काप, कमी डोस" असं लिहा. काप १ मिलिमीटरच्या आसपास, ८० किलोव्होल्ट, कॉन्ट्रास्ट नको. वेगवान मशीनवर काही सेकंदांचं काम आहे, मूल दुलईत गुंडाळून आईच्या हाताखाली भागतं. झोपेचं औषध देऊन सीटी करायचा हट्ट नको. अर्धी नळी तुंबलेल्या मुलाला भूलतज्ज्ञाशिवाय सीटीच्या खोलीत गुंगी देणं धोक्याचं आहे.

सीटी कुणाला? इतिहास संशयास्पद आहे, मूल स्थिर आहे आणि श्वासनळीत दुर्बीण (ब्रॉन्कोस्कोप) टाकावी की नाही यावर एकमत होत नाही, अशांना. सगळ्या मोठ्या नळ्या सलग मोकळ्या दिसल्या तर एक दुर्बीण वाचते, आणि या काळात ती वाचणं ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) सगळ्यांसाठी मोलाचं आहे. मात्र घट्ट बेडकाही वस्तूसारखा दिसतो, त्यामुळे सीटीत काही दिसलं म्हणजे वस्तूच, असं नाही. घुसमटल्याचा स्पष्ट इतिहास आणि एका बाजूची खूण दोन्ही असतील तर सीटीत वेळ घालवू नका, थेट दुर्बीण.

कानघसा_ओटी

वरच्या नमुन्याला मी दुर्बीणच सांगेन. भावंडानं दाणा भरवल्याचं कळलं तर सीटीही नको.

अहवालासाठी थांबायचं का? नाही. स्वॅब पाठवा, पण मुलाला पॉझिटिव्ह धरूनच पूर्ण किटमध्ये काम करा. मूल स्थिर असेल तर पोट रिकामं होईपर्यंत थांबता येतं: दूध किंवा जेवणानंतर ६ तास, अंगावरच्या दुधानंतर ४ तास. रात्री अर्ध्या टीमसोबत करण्यापेक्षा सकाळी अनुभवी माणसं जमवून करणं बरं, पण २४ तासांपलीकडे ढकलू नये. गोल सेल, टोकदार वस्तू, दोन्हीकडे हवा कमी, घोगरा आवाज किंवा श्वास घेताना घरघर असेल तर त्याच क्षणी. सुका हरभरा-वाटाणा पाणी शोषून फुगतो, तिथेही थांबायचं नाही.

शेंगदाण्याची गत आत काय होते ते पाहिलं की घाई का ते कळतं. दुर्बिणीतून आधी दिसतो तो दुधाळ पू. तो ओढून घेतला की लालबुंद, सुजलेल्या अस्तराच्या कड्यात रुतलेला पिवळट दाणा दिसतो. चौथ्या दिवशी तो मऊ झालेला असतो, चिमट्यात घट्ट धरला तर भुगा. त्यातल्या तेलानं अस्तर चिडतं, स्पर्श केला की रक्त येतं. म्हणून आधी १:१०,००० अॅड्रेनालिननं भिजवलेला बोळा लावून सूज उतरवायची, मग दाण्याचा खास चिमटा पूर्ण उघडून कडेनं पुढे सारायचा आणि हलक्या हातानं धरायचा.

भूल सुरू होण्याआधी सगळं जोडून पाहा: या वयाला दुर्बिणीची ३.५ नंबरची नळी, शिवाय एक नंबर लहान तयार, प्रकाश, सक्शन, चिमटा दुर्बिणीसह नळीतून सरकतो का. वस्तू माहीत असेल तर तशीच वस्तू टेबलावर घेऊन चिमट्यानं धरून बघा. चिमटा दाण्यावर घसरतो की नाही, ते आत गेल्यावर कळून फायदा नाही.

काढताना नळी, चिमटा आणि वस्तू तिन्ही एकत्र बाहेर. स्वरयंत्राशी वस्तू सुटून मुख्य नळी बंद झाली आणि चटकन निघेना, तर ती परत खाली एका बाजूच्या नळीत ढकला, दुसऱ्या फुप्फुसाला हवा द्या, स्थिर झालं की पुन्हा प्रयत्न. निघाल्यावर पुन्हा आत जाऊन दोन्ही बाजू तपासा. दाण्याचं दुसरं दल मागे राहिलेलं सापडतं.

या काळाची भर एवढीच: आत चारच माणसं. सगळ्यांना एन-९५ आणि फेस शील्ड. दुर्बीण सर्वांत अनुभवी हातात द्या, शिकाऊ हातांना नको. कडक नळीच्या कडेनं हवा गळतेच, म्हणून तोंडाभोवती ओली गॉज भरायची आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक. दुर्बिणीच्या नळीच्या तोंडावरची काचेची खिडकी उघडताना भुलीच्या ताज्या वायूचा प्रवाह बंद करायचा.

भूलतज्ज्ञ_टेबल

त्यात माझ्या बाजूची भर. भूल कमी पडली आणि मूल खोकलं की तुषारही उडतात आणि वस्तूही हलते. म्हणून प्रोपोफॉल हे भुलीचं औषध शिरेतून चालू ठेवते आणि स्वरयंत्रावर बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा फवारा, किलोला जास्तीत जास्त ४ मिलिग्रॅम. साडेदहा किलोला ४२ मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं सुमारे २ मिलिलिटर. सिरिंजमध्ये तेवढंच भरून ठेवा, म्हणजे जास्त जायचा प्रश्नच येत नाही. सूज उतरवायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड किलोला ०.५ मिलिग्रॅम, इथे साधारण ५. स्वतःचा श्वास ठेवायचा की स्नायू शिथिल करायचे, हे सर्जनशी आधी ठरवा. कोरोनात खोकला टाळायला शिथिल करण्याकडे कल आहे, पण मुख्य नळीतच वस्तू असेल तर मी श्वास घालवत नाही.

ओटी पुन्हा वापरायला किती वेळ? तासाला १२ वेळा हवा बदलत असेल तर ९९ टक्के कण जायला २३ मिनिटं, ९९.९ टक्क्यांना ३५. तासाला ६ वेळाच बदलत असेल तर ४६ आणि ६९. नुसता स्प्लिट एसी असेल तर तो तीच हवा फिरवतो, बदलत नाही. तिथे एसी बंद, एक्झॉस्ट चालू.

आशा_प्रशिक्षण

घरी फोनवरून काय सांगायचं तेही इथे असू द्या, कारण पॉझिटिव्ह घरात आधी कुणी पोचत नाही.

मूल खोकतंय, रडतंय, आवाज निघतोय: पाठीवर मारू नका, उलटं टांगू नका, केळं किंवा भाताचा गोळा देऊ नका. खोकू द्या आणि १०८ ला फोन करा. आवाजच निघत नाही, निळं पडतंय: मांडीवर पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळव्यानं ५ थापा. निघालं नाही तर १ वर्षाखालच्या बाळाला उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब. वर्षावरच्याला मागून मिठी घालून बेंबी आणि छातीच्या हाडाच्या मध्ये ५ दाब, आत आणि वर. आलटून पालटून. तोंडात वस्तू दिसली तरच काढा, आंधळेपणानं बोट घालू नका. बेशुद्ध झालं तर जमिनीवर ठेवून सीपीआर (छातीवर दाब आणि तोंडानं श्वास). पोटावर दाब दिला असेल तर मूल नंतर बरं दिसलं तरी तपासून घ्या. आणि आई पॉझिटिव्ह असली तरी त्या क्षणी तिनंच हे करायचं, मास्क शोधत बसायचं नाही.

तालुका_ओपीडी

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एक: पाठवताना काय लिहू? गेल्या महिनाभरात पॉझिटिव्ह असं लिहिलेलं मूल थेट कोविड वॉर्डात जातंय.

बालरोग_वॉर्ड

म्हणूनच ओळींचा क्रम महत्त्वाचा. पहिली ओळ: "उजव्या श्वासनळीत परकीय वस्तूची शंका, रिजिड ब्रॉन्कोस्कोपीसाठी" (म्हणजे कडक दुर्बिणीसाठी). दुसरी: खोकला सुरू झाल्याची तारीख-वेळ, तेव्हा मूल कुणाजवळ होतं, त्या माणसाचा फोन नंबर. तिसरी: शेवटचं खाणं-दूध किती वाजता. अँटिजेन पॉझिटिव्ह हे चौथ्या ओळीत. दोन्ही एक्स-रे सोबत, फक्त अहवाल नको.

निघण्याआधी स्वतः फोन करून विचारा: लहान मुलाची कडक दुर्बीण, ती वापरणारा आणि मुलांची भूल देणारा, तिन्ही आज आहेत का? एकही नसेल तर दुसरं केंद्र शोधा, कारण तिथून पुन्हा हलवण्यात रात्र जाते. गाडीत मूल ज्याच्याजवळ शांत राहतं त्याच्याच मांडीवर, बसलेल्या स्थितीत. ऑक्सिजन नाकाजवळ धरून, बळजबरीनं मास्क नाही. रडवेल असं काहीही नको, सलाइनची सुई गरज नसेल तर तीही तिथे पोचल्यावर. आणि मांडीवर घेणारी आई पॉझिटिव्ह असेल तर गाडीतून तिला उतरवू नका. मास्क लावा, काच खाली करा, निघा.